बेचाळीस

मंडईच्या पार्किंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर गाडी लावून
मी लक्ष्मी रोडला आले, घाम पुसत,
स्वतःशी घोकत: फक्त माप बघायचं.
हात लावून बघायचं. घ्यायचं नाही.

पोतनीस आणि सन्सच्या काचेत तीच बाहुली,
यंदा तिला आमसुली जाकीट.
मी पाचवीत होते तेव्हा तिला नाक होतं.

दारातच गार वारा, डांबरगोळ्या, कोऱ्या कापडाची खळ.
हा वास आला की माझे खांदे आपोआप आत येतात,
कारण इथंच, याच फरशीवर, आई म्हणाली होती
सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं,
"दोन साइज मोठाच द्या हो, मुलगी आडव्या अंगाची आहे."
तो निळा ट्युनिक सातवीपर्यंत पुरला.
ते वाक्य अजून पुरतंय.

कुदळे नजर वर करतात, खाली करतात.
टेप गळ्यातच राहते.
"बेचाळीस."
मी म्हणते, चाळीस.
ते चाळीस काढतात. वाद घालत नाहीत.
शेजारी बेचाळीस ठेवतात, घडी न मोडता,
जेवणाऱ्याच्या पानाशी न विचारता ताकाची वाटी ठेवावी तसं.

मला हे आवडत नाही.
ते बरोबर असतात, हे तर मुळीच नाही.
घासाघीस नाही, "एकच भाव" ही पाटी,
आणि गल्ल्यावरचे धाकटे पोतनीस
सुट्टे मागताना असे बघतात की आपण उधारी मागतोय.
तरी कॅलिफोर्नियाची भाची आली की मी तिला इथंच आणते,
"आमचं दुकान" म्हणते,
जणू त्या गल्ल्यात माझाही एखादा आणा आहे.

कुदळे उलगडत गेले.
इरकल, खण, मंगलगिरी,
एक मोरपंखी, ज्याला मी "बघू" म्हटलं
आणि मग ज्याच्याकडे बघितलं नाही.
अकरा झाले. काउंटर दिसेनासा झाला.
फोनमध्ये हाच मोरपंखी तीनशे सत्तरनं स्वस्त होता,
घरपोच, न आवडल्यास परत,
आणि बेचाळीस म्हणायला तिथं कुणी नव्हतं.

ट्रायल रूम म्हणजे जिन्याखालचा कोपरा.
पडद्याला सहा कड्या, सातवीच्या जागी सेफ्टी पिन.
आरशात मी, बेचाळीसमध्ये.
बरी दिसत होते. कधी नव्हे ते बरी.
मी कॉलर उलटी केली, फोन काढला,
लेबलचा फोटो घेतला.
हलला. पुन्हा घेतला.

पडद्यापलीकडून कुदळ्यांचा आवाज,
हळू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असा:
"ताई, आत उजेड कमी आहे.
खिडकीपाशी या. नंबर नीट येतो."

टोमणा होता का?
सदाशिव पेठेत वाढलेय मी,
टोमणा मला झोपेतही ओळखू येतो.
हा नव्हता.
तिथंच सगळं अवघड झालं.

बाहेर आले तर ते घड्या घालत होते.
एक बाही आत, दुसरी बाही आत, हनुवटीखाली धरून मधोमध दुमड.
दहा झाले होते.
अकराव्यासाठी त्यांनी हात पुढे केला
आणि मी तो दिला, माझ्या अंगाची ऊब असलेला.

मग मी सहा रुमाल घेतले. पुरुषांचे, पांढरे.
माझ्या घरात रुमाल वापरणारं आता कुणी नाही.
कुदळ्यांनी पावती केली, कार्बन सरळ करून,
आणि पिशवी दिली ती मोठी, कुर्त्याची.
"असू द्या," म्हणाले. "लागते."

मोरपंखी मंगळवारी आला, खोक्यातून.
बेचाळीस. अंगाला अगदी बरोबर.
मी तो घालते. परवा बँकेत दोघींनी विचारलं,
छान आहे गं, कुठून घेतलास?

मी म्हटलं, पोतनीसांकडून.